तुरीचा हिशेब लावणारं सॉफ्टवेअर शोधताना

कारखान्याचं सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्याच्या लॅपटॉपमध्ये हमखास एक सायकल असते. नाहीतर लाकडी टेबल. दोन चाकं, एक फ्रेम, एक हँडल, एक चेन; सगळं जोडलं की सायकल तयार आणि तिची किंमत पडद्यावर. बघणाऱ्यांच्या माना डोलतात. आमच्याकडे मात्र आबा, म्हणजे माझे मोठे काका, पहिल्याच डेमोला म्हणाले, "आमच्याकडे सायकल आत जाते अन् चाकं बाहेर पडतात. ते दाखवा."

आमची जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिल आहे. मुख्य तूर, जोडीला थोडा हरभरा. शंभर किलो तूर आत गेली की साधारण सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ निघते. उरलेल्यात चुरी (बारीक चुरा), खंडा (तुटलेली डाळ), टरफल, माती, खडे आणि हवेत उडून गेलेलं पाणी. डाळही एक नसते. फटका वेगळी, सव्वा नंबर वेगळी, दोघींचे भाव वेगळे. म्हणजे एका मालाचे पाच-सहा माल होतात, प्रत्येकाला गिऱ्हाईक वेगळं, आणि तुरीचा एकच खरेदीखर्च या सगळ्यांत वाटायचा असतो. अभियंते याला प्रोसेस मॅन्युफॅक्चरिंग म्हणतात. रंग, औषधं, दूध, तेल यांचे कारखाने याच जातकुळीचे. सायकलवाल्यांची जात वेगळी. सॉफ्टवेअर बघायला निघालेल्या माणसाने आपण कोणत्या जातीत आहोत हे आधी ठरवावं, एवढंच मला या सगळ्या खटाटोपातून सांगायचं आहे. पुढचा मजकूर त्याचाच तपशील आहे.

आमचा कारभार तेव्हा चार ठिकाणी विखुरलेला होता. खरेदी-विक्री टॅलीत. गाळपाचं एक्सेल माझ्याकडे. काट्याचं रजिस्टर गेटवर. आणि कोणत्या थप्पीत कोणती तूर आहे, ती कुठल्या आडतीची आहे, किती ओली आहे, हे मुनीमकाकांच्या डायरीत आणि त्याहून जास्त त्यांच्या डोक्यात. धंदा यावर वर्षानुवर्षं चालला आणि बरा चालला.

मग सरकारी नियम बदलत गेले. १८ जुलै २०२२ पासून आधीच पॅक करून लेबल लावलेल्या, २५ किलोपर्यंतच्या डाळीवर ५ टक्के जीएसटी आला. त्याहून मोठ्या कट्ट्यावर नाही. बाजारात तीस किलोचे कट्टे एकाएकी इतके दिसायला लागले ते त्यामुळे. आता एकाच लॉटची एकच डाळ एक किलोच्या पाउचमध्ये गेली तर करपात्र, तीस किलोच्या कट्ट्यात गेली तर करमुक्त. चुरी आणि टरफलावरचा ५ टक्के कर १ जानेवारी २०२३ पासून शून्य झाला. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना ई-इनव्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, लागू झालं. आणि त्याआधी, २ जून २०२३ ला, केंद्राने तूर आणि उडदावर साठामर्यादा आणली. मिलवाल्याला मर्यादा अशी होती की मागच्या तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. शिवाय पोर्टलवर साठा जाहीर करायचा. सप्टेंबरात मर्यादा आणखी आवळली.

साठा जाहीर करायचा म्हटल्यावर घरातला गोंधळ उघडा पडला. "तूर किती आहे?" या प्रश्नाला टॅली एक आकडा सांगायची, एक्सेल दुसरा आणि मुनीमकाका तिसरा. तिघंही आपापल्या जागी बरोबर होते. टॅलीत बिल झालेली तूर होती, माझ्या एक्सेलात गाळपाला न गेलेली, आणि मुनीमकाका तेल-पाणी देऊन ढीग लावलेली आणि छतावर वाळत घातलेलीही मोजत होते. अर्धी तयार तूर ही तूर की डाळ? पोर्टलला हे विचारता येत नाही.

म्हणून सॉफ्टवेअर बघायचं ठरलं. गंमत अशी की १९४५ साली आमच्याच अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना काढणारी कंपनी पुढे विप्रो म्हणून सॉफ्टवेअरमध्ये जगभर गेली. खानदेशातल्या डाळ मिलसाठी सॉफ्टवेअर शोधायला मात्र आम्हाला पुण्या-मुंबईला फोन लावावे लागले.

सुरुवातीला मी सगळे करतात तेच केलं. एक्सेलमध्ये तक्ता: उभ्या रांगेत सुविधा, आडव्या रांगेत सॉफ्टवेअर, चौकटीत बरोबरच्या खुणा. थोड्याच दिवसांत सगळ्या चौकटी भरल्या. बॅच? आहे. उपउत्पादन? आहे. जीएसटी? आहे. मोबाइल अॅप? आहे. विकणाऱ्याला "आहे का?" विचारलं की उत्तर एकच येतं. तक्ता बाजूला ठेवला आणि आबांच्या सायकलीकडे परत गेलो. एका ट्रकची गोष्ट कागदावर लिहिली आणि प्रत्येकाला पाठवली: हा ट्रक तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आमच्यासमोर चालवून दाखवा, दुसरं काही नको.

कागदावर काय होतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण खरी तुलना तिथेच झाली. ट्रक काट्यावर येतो. भरलेलं वजन, रिकामं वजन, त्यातून बारदानाचं वजन वजा. ओलावा मीटरवर १२ टक्के. तुरीचा भाव, त्यावर आडत, हमाली, तोलाई, बाजार समितीचा सेस. हे सगळं मिळून तुरीची पडतळ ठरते. मग चाळणी: माती, खडे, काडीकचरा बाहेर. रोलरवर टरफलाला ओरखडे, तेलाचा हात, ढीग, पाणी, मग उन्हात वाळवण. इथे खरी मेख आहे. १२ टक्के ओलाव्याची १०० क्विंटल तूर ९ टक्क्यांवर आली की वजन ९६.७ क्विंटल भरतं. सव्वातीन क्विंटल कोणी चोरली नाही, सांडली नाही. पण हिशेबात ती कुठेतरी दिसायला हवी, नाहीतर वर्षअखेरीस सगळी घट एका गाठोड्यात बांधून "गाळप तूट" म्हणून टाकावी लागते आणि त्या गाठोड्यात खरी चोरीसुद्धा लपते. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो तेव्हा वाळवण झटपट होतं, पावसाळ्यात तेच काम ड्रायरवर जातं आणि घट वेगळी येते. म्हणजे टक्का ठरलेला नाही, लॉटप्रमाणे बदलता आला पाहिजे.

पुढे भरडणं, ग्रेडर, सॉर्टेक्स (रंगावरून डाळ निवडणारं मशीन). फटका, सव्वा नंबर, खंडा, चुरी, टरफल. काही माल तीस किलोच्या कट्ट्यात, काही पाउचमध्ये. शेवटी एकाच गाडीत एकाच व्यापाऱ्याला दोन्ही माल जातात. पाउचला टॅक्स इनव्हॉइस आणि ई-इनव्हॉइस, कट्ट्यांना बिल ऑफ सप्लाय, म्हणजे करमुक्त मालाचं बिल. व्यापारी नोंदणीकृत असेल तर दोन्ही एका कागदावर चालत नाहीत.

कागद पाठवल्यावर काहींचे फोनच बंद झाले. तेही एक उत्तरच.

एसएपी बिझनेस वनचा एक भागीदार पुण्याहून आला. एसएपी म्हटलं की आपल्याकडे लोक थोडे दबकतात. हे मोठ्या कंपन्यांचं एसएपी नाही. लहान-मध्यम धंद्यांसाठीचं हे वेगळं उत्पादन, मुळात इस्रायलमधलं, एसएपीने २००२ मध्ये घेतलेलं. आलेला माणूस तयारीचा होता. बॅच, मंजुरीची साखळी, कोणी काय बदललं याची नोंद, सगळं घट्ट. उपउत्पादन दाखवताना त्याने बिल ऑफ मटेरियलमध्ये, म्हणजे कोणत्या मालाला काय किती लागतं त्या यादीत, चुरीपुढे उणे चिन्ह टाकलं. म्हणजे डाळ बनवायला अमुक तूर लागते आणि उणे इतकी चुरी लागते. हिशेबाला ते बरोबरच आहे. दादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, माझ्याकडे बघितलं. उणे चुरी भरायला मिस्तरीला कसं शिकवायचं, हा त्या बघण्याचा अर्थ. त्यात डिसअसेंब्ली ऑर्डर नावाचा प्रकारही आहे, एक वस्तू मोडून अनेक करायला. पण प्रोसेस उद्योगाचं बारीक काम हवं असेल तर वर अॅड-ऑन घ्यावं लागतं, त्याचे पैसे वेगळे, त्याचा विक्रेताही वेगळा. लायसन्स, दरवर्षीची देखभाल, डेटाबेस, सर्व्हर आणि बसवून देणाऱ्याची फी एकत्र केली तेव्हा आबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शंभरावर माणसं, दोन-तीन राज्यांत कारखाने, बँकेचे आणि ऑडिटरचे कडक सवाल, असा पसारा असता तर मी स्वतः त्यासाठी भांडलो असतो.

झोहोचं मी घरी बसून चाचणीवर बघितलं. बिलं, वसुली, जीएसटी रिटर्न यांची मांडणी इतकी साफ आहे की नुसता व्यापार असता तर तिथेच थांबलो असतो. इन्व्हेंटरीतली कंपोझिट आयटमची कल्पना मात्र पुन्हा जोडण्याचीच आहे: अनेक वस्तूंचा एक संच. आमचा ट्रक गेटवरच अडला.

ओडूवर मी बराच वेळ घालवला, कारण ते दिसायला सगळ्यात सुंदर आहे. बेल्जियमची कंपनी, २००५ मध्ये टायनी ईआरपी नावाने सुरू झालेली. (ईआरपी म्हणजे खरेदीपासून हिशेबापर्यंत सगळा कारभार एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर.) त्यात उपउत्पादन नीट दाखवता येतं आणि प्रत्येक उपउत्पादनाने खर्चाचा किती टक्के भार उचलायचा हेही लिहिता येतं. आमच्या फटका आणि सव्वा नंबरच्या वाटणीला हे चांगलं बसत होतं. अडलं ते दुसरीकडे. ओडूच्या दोन आवृत्त्या आहेत. कम्युनिटी फुकट, तिचा कोडही खुला. पण त्यात पूर्ण हिशेबखातं नाही, बिलापुरतं आहे. हिशेब, क्वालिटीचं मॉड्यूल, मशीनजवळ उभं राहून वापरायचा मोठ्या बटणांचा पडदा, हे एंटरप्राइझमध्ये. त्याला माणशी दरमहा पैसे. डेमो एंटरप्राइझचा आणि कोटेशन कम्युनिटीचं, असा एक अनुभव आम्हाला आला. कोण ते सांगत नाही. शिवाय दरवर्षी नवी आवृत्ती येते, आणि तुम्ही आपल्यापुरते बदल करून घेतले असतील तर ते पुढच्या आवृत्तीत नेण्याचा खर्च तुमचा. हे कोटेशनमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. विचारावं लागतं.

मधल्या काळात एक स्थानिक प्रोग्रामर घरी येऊन गेला. "शेठ, तुम्हाला पाहिजे तसं बनवून देतो, डाळ मिलचंच." पोरगा हुशार होता, कागद बघून त्याने विचारलेले प्रश्न पुण्याच्या लोकांपेक्षा नेमके होते. पण मी त्याला विचारलं, उद्या तुला बंगळुरात नोकरी लागली तर? तो हसला. मीही हसलो. एकाच माणसाच्या डोक्यातला हिशेब बाहेर काढायला निघालो होतो आणि तो दुसऱ्या एकाच माणसाच्या डोक्यात घालणार होतो. खास डाळ मिलसाठी तयार मिळणारं एक पॅकेजही बघितलं. शब्द सगळे ओळखीचे: गोटा, चुरी, बारदान, आडत. पण नुसत्या एका कॉम्प्युटरवर चालणारं, आणि ई-इनव्हॉइसचं विचारलं की "पुढच्या अपडेटला येतंय." बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशातला प्रकार.

आता टॅली. तिच्याबद्दल आमच्याकडे सगळ्यात कमी चर्चा झाली आणि सगळ्यात जास्त व्हायला हवी होती. टॅली म्हणजे नुसतं खातेवहीचं काम, असा समज आपल्याकडे पक्का आहे. पण टॅलीप्राइममध्ये बिल ऑफ मटेरियल लिहिताना प्रत्येक घटकाचा प्रकार ठरवता येतो: कच्चा माल, उपउत्पादन, सहउत्पादन की भंगार. मॅन्युफॅक्चरिंग जर्नल, म्हणजे कच्च्या मालाचा पक्का माल झाल्याची नोंद, टाकताना त्या लॉटच्या खऱ्या आकड्यांनी ते बदलता येतं आणि सहउत्पादनाला खर्चाचा टक्का देता येतो. वर्षानुवर्षं पैसे भरून घेतलेल्या टॅलीत हे होतंच. सेटिंगमध्ये एक "येस" करायचं राहिलं होतं. आमच्या ट्रकचा जवळजवळ पाऊण प्रवास टॅलीनेच करून दाखवला, तोही मुनीमकाकांच्या हातून. ज्यांची मिल लहान आहे, एक-दोन रोलर, दिवसाला एखादा लॉट, त्यांना मी सरळ सांगतो: नवीन काही घेण्याआधी टॅली पूर्ण वापरा. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून कोणी कोणती नोंद बदलली हे जपणारं सॉफ्टवेअर लागतं. टॅलीची एडिट लॉग असलेली आवृत्ती ते करते.

टॅली कुठे थकली? टप्प्यांमध्ये. चाळलेली तूर, ढिगातली तूर, वाळवणीतली तूर असे थांबे टाकायचे म्हणजे प्रत्येक थांब्याला नवी वस्तू आणि नवं जर्नल. करता येतं, पण हिशेबाची सवय असलेल्या माणसालाच. मिस्तरीने मशीनजवळून लॉटचं वजन टाकावं, मुकादमाने ओलावा टाकावा, आणि त्यांना उधारीचे आकडे दिसू नयेत, हे तिथे सोयीचं नव्हतं. माहिती ऑफिसात येऊनच टॅलीत जाणार, म्हणजे संध्याकाळी, म्हणजे आठवणीने.

ईआरपीनेक्स्ट मला माझ्या सीएने सुचवलं. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, कोड पूर्ण खुला, लायसन्सचे पैसे नाहीत. ज्याने ते सुरू केलं त्याच्या घरचा फर्निचरचा धंदा होता आणि तिथे बाहेरची ईआरपी बसवताना झालेल्या त्रासातून हे जन्मलं, असं वाचल्यावर मला थोडी आपुलकी वाटली. फर्निचर म्हणजे पुन्हा जोडण्याचाच धंदा, हे लक्षात होतं.

आमचा ट्रक त्यात असा चालला. बिल ऑफ मटेरियलमध्ये प्रोसेस लॉसचा टक्का आहे; ओलाव्याची घट तिथे बसली आणि लॉटप्रमाणे बदलता आली. चुरी आणि टरफल स्क्रॅप म्हणून लिहिलं की त्यांची किंमत कच्च्या मालाच्या खर्चातून वजा होऊन उरलेला खर्च डाळीवर बसतो. सीए बघून खूश झाला, कारण हिशेबाच्या मानकातही, एएस २ मध्ये, उपउत्पादन विक्रीतून मिळू शकणाऱ्या निव्वळ किमतीला धरून मुख्य मालाच्या खर्चातून वजा करायचं, असंच आहे. खरा पेच फटका आणि सव्वा नंबरचा. दोन्ही मुख्य माल. एकीला स्क्रॅप म्हणता येत नाही. यावर आम्ही काम दोन टप्प्यांत तोडलं. पहिल्या टप्प्यात तुरीची मिक्स डाळ, सोबत चुरी-टरफल. दुसऱ्या टप्प्यात रिपॅकच्या नोंदीने मिक्स डाळीच्या फटका, सव्वा नंबर आणि खंडा. रिपॅकमधून एकाहून अधिक माल निघाले की त्यांचा दर आपण ठरवून द्यावा लागतो. त्यासाठी बाजारभावाच्या प्रमाणात खर्च वाटणारी छोटी स्क्रिप्ट लिहून घेतली. ओडूत हे आयतं होतं, इथे करून घ्यावं लागलं. ते कबूल करूनच निवड केली.

"फुकट" या शब्दाबद्दल एवढंच सांगतो की फुकट असतं ते लायसन्स. सर्व्हर किंवा क्लाउडचं भाडं, बसवून देणारा, स्क्रिप्ट लिहिणारा, ई-इनव्हॉइससाठी पोर्टलशी बोलणाऱ्या सेवेचे पैसे, आणि घरातला एक माणूस जो निदान काही महिने दुसरं काही करणार नाही. तो माणूस मी होतो. टॅलीचं गणित वेगळं: लायसन्स एकदाच, पुढे अपडेटसाठी वार्षिक नूतनीकरण. ओडू एंटरप्राइझचं माणशी, म्हणजे मिस्तरी-मुकादमालाही मोजून. एसएपीचं लायसन्स आणि देखभाल दोन्ही. कोटेशनं शेजारी ठेवताना मी पहिल्या वर्षाचा आकडा न बघता पाच वर्षांचा एकत्र केला, आणि त्यात "आवृत्ती बदलण्याचा खर्च" अशी एक ओळ प्रत्येकाकडून लिहून मागितली. काही कोटेशनांचा क्रम त्या एका ओळीने उलटला.

एमआयडीसीतच एका प्लास्टिक चटईवाल्याकडे ओडू चालतं, ते बघायला गेलो. जळगावची चटई देशभर जाते हे वाचणाऱ्यांना माहीत असेल. तिथे दाणा, रंग, पट्टी, लूम, शिलाई, असा सरळ प्रवास. सॉफ्टवेअर अंगच्या कपड्यासारखं बसलेलं. मालक म्हणाला, "तुमच्या मिलला हे चालेल का ते मला विचारू नका, माझ्या सुपरवायझरला विचारा." सुपरवायझरने सांगितलेली एक गोष्ट कुठल्याच डेमोत नव्हती: लूमजवळचा कॉम्प्युटर धुळीने सारखा बंद पडायचा, शेवटी तिथे पंखा नसलेला टॅब भिंतीला लावला. डाळ मिलची धूळ चटईच्या धुळीपेक्षा वाईट. आम्ही पहिल्या दिवसापासून टॅबच घेतले, प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

शेवटी ठरलं ते असं: खातेवही, बिलं, जीएसटी, ई-इनव्हॉइस टॅलीतच. गेटपासून गोडाऊनपर्यंतचा माल ईआरपीनेक्स्टमध्ये. रोज रात्री दोघांतल्या साठ्याचा मेळ. दोन सॉफ्टवेअर ठेवणं शुद्ध नाही, बसवून देणाऱ्याने नाक मुरडलं. पण मुनीमकाकांना टॅलीच्या कीबोर्डवर माऊस लागत नाही, आणि त्यांच्या हातून ती काढून घेतली असती तर पहिल्या महिन्यातच वसुली थांबली असती.

सुरू कधी करायचं यावर घरात वाद झाला. सीए म्हणे १ एप्रिल, नवं वर्ष, नवी शिल्लक. आबा म्हणे वेड लागलंय का. जानेवारीपासून नवी तूर येते, मार्चमध्ये यार्डात ट्रकांची रांग असते, तेव्हा कोण शिकणार आणि कोण शिकवणार. हिशेबाचं वर्ष आणि तुरीचं वर्ष एक नाही. खातेवही टॅलीतच राहणार होती म्हणून १ एप्रिलची अट उरली नाही, आणि मालाचा भाग आम्ही पावसाळ्यात सुरू केला. वाळवण ड्रायरवर गेलेलं, लॉट कमी, माणसांना वेळ.

सगळ्यात कंटाळवाणं काम वस्तूंच्या नावांचं. टॅलीत एकच फटका डाळ वेगवेगळ्या पाच-सहा नावांनी होती. कोणी "डी फटका", कोणी "तूर फटका ३०", कोणी नुसतं गिऱ्हाइकाचं नाव. ते एक करताना दादा आणि मी जितके भांडलो तितके वाटणीच्या वेळीही भांडलो नसतो. ईआरपीनेक्स्टमध्ये पडद्यावरचे शब्द आपल्याला हवे ते लिहिता येतात, म्हणून "वर्क ऑर्डर"च्या जागी "लॉट", "सोर्स वेअरहाऊस"च्या जागी "कुठून" असं केलं. मुकादम धुळ्याकडचा, अहिराणी बोलणारा. टॅब हातात दिल्यावर पहिल्यांदा म्हणाला, "हाई काय से भो?" आता ओलावा टाकल्याशिवाय लॉट पुढे जात नाही हे त्यालाच इतकं आवडलंय की मीटर बिघडला तर फोन आधी त्याचा येतो.

साठ्याचा प्रश्न सुटला का? बराचसा. ढिगातली आणि वाळवणीतली तूर आता स्वतंत्र गोडाऊन म्हणून दिसते, त्यामुळे साठा विचारला की कच्ची, वाटेतली आणि तयार असे तीन आकडे एका जागी मिळतात. त्यातला कोणता कुठे भरायचा हे सीएशी बोलून एकदा ठरवून ठेवलं. २०२४ च्या जूनमध्ये तूर आणि हरभऱ्यावर पुन्हा साठामर्यादा आली तेव्हा पोर्टल भरायला मला मुनीमकाकांची डायरी लागली नाही. त्यांनी मात्र डायरीतून ताडून बघितलं, आणि टरफलाच्या आकड्यात फरक काढून दाखवला. बरोबर तेच होते. पोती मोजली होती, वजन नाही.

राहिलंय ते काट्याचं. प्रत्येक विक्रेता "काटा थेट जोडून देऊ" म्हणाला होता. काट्याच्या इंडिकेटरला मागे जुना सिरियल पोर्ट आहे, त्यातून वजन कॉम्प्युटरला मिळतं. पण आमचा इंडिकेटर जुना, त्याची पाठवायची पद्धत त्याची त्यालाच ठाऊक. तोपर्यंत गेटवर आकडा हाताने टाकतात आणि पावतीचा फोटो सोबत जोडतात. आबांनी नवा इंडिकेटर घ्यायला होकार दिलाय, पण ही आवक संपल्यावर.